तिसरं आमंत्रण

१ जुलै, सोमवार
आजपासून रोजनिशी. कारण ऐतिहासिक आहे. १२ सप्टेंबरला आमच्या लग्नाला तीस वर्षं होतात आणि मी राहायूला परदेशी नेणार आहे. लग्नाच्या मांडवात शब्द दिला होता, वर्षभरात नेतो म्हणून. मध्ये काही अडचणी आल्या. माझी आई, दोन मुलं, पाटबंधारे खातं, आणि गेली अठरा वर्षं या गल्लीचं प्रमुखपद. पण शब्द म्हणजे शब्द.

(पुढे कोणाला ही वही सापडली तर: माझं नाव मरवोतो. पण इथे सोलो शहरात आमच्या गल्लीत मला सगळे पाक एर्ते, म्हणजे प्रमुखसाहेब, असंच म्हणतात.)

ठिकाण पेनांग, मलेशिया. ते राहायूनेच फार पूर्वी ठरवलंय. कपाटाच्या दाराला आतून तिने जुन्या कॅलेंडरचं एक पान चिकटवलंय. हिरवा डोंगर, त्यावर चढणारी छोटीशी रेल्वे, आणि कोपऱ्यात झाडाखाली एक टेबल आणि दोन खुर्च्या. पान आता पिवळं पडलंय. आज तिला विचारलं, तुला तिथे नेमकं करायचंय तरी काय? म्हणाली, त्या गाडीत बसायचं, वर जायचं, त्या खुर्च्यांवर आपण दोघांनीच बसायचं, आणि दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा प्यायचा. तेवढा वेळ कोणी दार वाजवून शिक्का मागायला येता कामा नये.

साधी बाई आहे. अपेक्षा फारच कमी.

३ जुलै
नियोजन सुरू. सगळी जबाबदारी मी घेतली आहे. राहायूने फक्त पासपोर्ट काढून आणले, विमानाची दोन तिकिटं काढली, त्यातली एक जागा खिडकीची, आणि हॉटेलची खोली ठरवली. बाकी सगळं माझ्याकडे.

संकल्प: उद्यापासून पहाटे चालायला जाणे. डोंगर आहे.

४ जुलै
पाऊस येईल असं वाटलं. आला नाही.

६ जुलै, शनिवार
गल्लीची मासिक सभा, नेहमीप्रमाणे आमच्या अंगणात. गटार, कचरा, गस्त. शेवटी मी परदेश दौऱ्याची घोषणा केली. टाळ्या बराच वेळ चालल्या.

आता, आपल्यात पद्धत ठरलेली आहे. कुठे निघालो की समोरच्याला चला म्हणायचं. त्याने नको म्हणायचं. आपण पुन्हा म्हणायचं, त्याने पुन्हा नको म्हणायचं. इथे दोघांची सभ्यता पूर्ण होते आणि जो तो आपापल्या घरी जातो. तिसऱ्यांदा म्हटलं तर मात्र ते खरं आमंत्रण. त्याला नको म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. दोन आणि तीन यांच्यातली ही रेघ ओळखण्यात माझा हात धरणारा गल्लीत कोणी नाही.

तर मी म्हणालो, चला, तुम्ही सगळेही चला. सगळे म्हणाले, छे छे, पाक एर्ते, तुम्ही दोघं जा, आम्ही कशाला मध्ये? मी म्हणालो, असं कसं, यायलाच हवं. ते म्हणाले, नको नको, पुढच्या वेळी बघू. विषय संपला. तेवढ्यात आमचा सचिव गिमिन उठला आणि म्हणाला, मागच्या लोकांना काही ऐकूच आलं नाही, माइक बंद होता. त्याने माइक चालू केला. मी मागच्या लोकांसाठी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

मागच्यांनी ऐकलं. पण पुढच्यांनीही ऐकलं.

पुढच्या रांगेत कुजबुज झाली. मग सास्त्रो आजोबा, वय ब्याऐंशी, काठी टेकत उभे राहिले आणि म्हणाले, पाक एर्ते आता इतका आग्रहच करतायत तर नाही म्हणणं बरं दिसणार नाही.

राहायू चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तिने ट्रे तिथेच पायरीवर ठेवला आणि आत निघून गेली. बहुधा साखर विसरली असावी.

७ जुलै
सकाळपर्यंत अकरा नावं आली. काळजीचं काही कारण नाही. लोक उत्साहात हो म्हणतात, मग गळतात. यांच्यापैकी कोणाकडे पासपोर्टसुद्धा नाही.

राहायू म्हणाली, पाकने, मग आपल्या दोघांचं काय? (मुलं नोकरीला लागून लांब गेली, तरी मी अजून तिचा पाकने, मुलांचा बापच.) मी समजावलं की ग्रुपमध्येसुद्धा आपण दोघं असणारच आहोत, दोघांचे एक थोडेच होतो? ती म्हणाली, तुम्ही म्हणाल तसं.

तीस वर्षांत हिने माझ्या एकाही निर्णयाला विरोध केलेला नाही. आमच्या संसाराच्या यशाचं गुपित हेच.

१५ जुलै
सोळा नावं. आता मात्र थोडे कमी करायला हवेत. तोंडावर नको म्हणणं आपल्यात होत नाही. आडून सुचवायचं, समोरचा समजून घेतो.

गिमिनला म्हणालो, पेनांगला ऊन फार असतं रे. तो समजला. त्याने सगळ्यांसाठी टोप्या मागवल्या, पिवळ्याधमक. त्याच्या बायकोला, तुमिनीबाईंना म्हणालो, तिकडचं जेवण आपल्या लोकांना मानवत नाही. त्या म्हणाल्या, पाक एर्ते, तुम्ही जेवणाची काळजी करूच नका, मी भाताचा कुकर बरोबर घेते. सास्त्रो आजोबांना म्हणालो, चालणं खूप आहे. ते म्हणाले, तुम्ही आहात ना.

यावरून एक गोष्ट सिद्ध होते. या लोकांना माझ्याशिवाय करमत नाही.

२ ऑगस्ट
सोळा जणांचे पासपोर्टचे अर्ज. प्रत्येकाला रहिवासी असल्याचा दाखला लागतो आणि दाखल्यावर शिक्का प्रमुखाचा, म्हणजे माझा. दिवसभर शिक्के मारून मनगट दुखायला लागलं. राहायू तेल घेऊन आली. चोळता चोळता म्हणाली, तुम्ही शिक्का मारला नसता तर? मी म्हणालो, सगळी कागदपत्रं बरोबर होती, मी कसा अडवणार? ती म्हणाली, बरोबर आहे.

तेल मात्र जरा जोरात चोळलं.

१८ ऑगस्ट
काल, १७ ऑगस्टला, आमच्या देशाचा स्वातंत्र्यदिन. गल्लीतल्या पोत्यातल्या शर्यतीत मी परीक्षक. आज शांतपणे दौऱ्याची कामं.

गणवेश ठरला. तपकिरी बाटिक, सगळ्यांना एकाच ताग्यातलं, म्हणजे परक्या मुलखात कोणी हरवणार नाही. शिंपी येऊन मापं घेऊन गेला. राहायूने माप दिलं नाही. म्हणाली, माझं मी बघते. काटकसरी आहे.

बॅनरही करायला दिला. चार मीटर. ‘तीस वर्षांची साथ’ असा मथळा आणि माझा फोटो. खाली ‘पाक मरवोतो आणि बू राहायू’, म्हणजे साहेब आणि बाईसाहेब, असं घालायचं होतं, पण माझा फोटो बराच मोठा झाल्यामुळे एवढं बसेना. दुकानदाराने ‘पाक मरवोतो आणि परिवार’ असं सुचवलं. परिवारात सगळंच आलं. छान दिसतंय.

१ सप्टेंबर
पहाटे चालायला गेलो. कोपऱ्यावर गिमिन भेटला. नाश्ता करून परत.

८ सप्टेंबर
अधिकृत यादी तयार. घर क्रमांकाप्रमाणे सोळा जण, सतरावा मी, प्रमुख. खाली सही आणि शिक्का. शिक्का बरोबर नेणार आहे. राहायू म्हणाली, तिथे कशाला लागतोय? मी म्हणालो, वेळ सांगून येत नाही.

शिट्टी घेतली. छोटा पिवळा झेंडा घेतला. राहायूची तयारी आठवड्यापूर्वीच झाली आहे. तिने कपाटातलं कॅलेंडरचं पान अलगद सोडवून, घडी न घालता, वहीत ठेवून बॅगेत टाकलंय. मी म्हणालो, डोंगर तिथेच असेल, फोटो कशाला? ती हसली. बऱ्याच दिवसांनी अशी हसली. मला बरं वाटलं.

१० सप्टेंबर, मंगळवार. पेनांग
पोचलो. बसने सुराबाया, तिथून विमान. माझी पहिलीच परदेशवारी, पण कोणाला कळू दिलं नाही.

विमानात आमच्या दोन जागा शेजारी होत्या. पण सास्त्रो आजोबा मागे घाबरून बसले होते, म्हणून माझी जागा त्यांना दिली आणि मी सगळ्यांवर लक्ष ठेवायला शेवटच्या रांगेत गेलो. आजोबा राहायूच्या खांद्यावर डोकं ठेवून पेनांगपर्यंत झोपले. मधून मधून तिने मागे वळून पाहिलं. मी झेंडा दाखवला.

हॉटेलात खोल्यांचं वाटप मीच केलं. पुरुष पुरुषांत, बायका बायकांत. राहायूने आमच्यासाठी ठरवलेली खोली मोठी होती, तिथे चार बायका मावल्या. मी गिमिनबरोबर. तो घोरतो हे सभेत कधी कळलं नव्हतं.

संध्याकाळी राहायू जिन्यात भेटली. म्हणाली, डोंगराच्या गाडीचं पहिलं तिकीट सकाळी लवकर मिळतं, उद्या आपण दोघंच जाऊन येऊ, चला ना. मी म्हणालो, उद्या नको, उद्या सगळ्यांना शहर दाखवायचंय. तिला पटलं.

११ सप्टेंबर
शहर दाखवलं. म्हणजे दाखवत होतो. देवळाच्या बाजूच्या गल्लीत मोजलं तर सास्त्रो आजोबा नाहीत. पिवळी टोपी कुठेच दिसेना. दोन तास शोधलं. शेवटी एका न्हाव्याच्या दुकानात सापडले, दाढी करून, कॉफी पीत. न्हाव्याशी गप्पा चालल्या होत्या. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती. आजोबा मला म्हणाले, पाक एर्ते, तुम्ही कुठे हरवला होतात?

दुपारी हॉटेलात तुमिनीबाईंनी कुकर लावला आणि मजल्यावरची वीज गेली. भात अर्धा कच्चा. तरी सगळ्यांनी खाल्ला, बरोबर आणलेल्या तेम्पेच्या कुरकुरीत फोडींबरोबर. हॉटेलच्या बाईंची माफी मी स्वतः मागितली. तीनदा.

संध्याकाळी राहायू पुन्हा म्हणाली, उद्या आपला दिवस आहे पाकने, उद्या तरी डोंगरावर चला ना. आता उद्या तर मुख्य कार्यक्रम. मी म्हणालो, उद्या समुद्रावर बॅनरचा फोटो आहे, उद्या नको. परवा बघू. ती म्हणाली, बरं.

‘तुम्ही म्हणाल तसं’ नाही म्हणाली. फक्त बरं. दमली असेल.

१२ सप्टेंबर, गुरुवार. लग्नाचा तिसावा वाढदिवस
ऐतिहासिक दिवस. सविस्तर लिहितो.

सकाळी नऊला समुद्रकिनारा. सगळे गणवेशात, टोप्यांसह. राहायू मात्र हिरवा केबाया घालून आली. लग्नानंतर पहिल्या सणाला तिच्या आईने दिलेला. अजून अंगाला बरोबर बसतो. चांगली दिसत होती. तसं तिला सांगणार होतो, पण त्याच वेळी बॅनरच्या एका दांडीचा प्रश्न निर्माण झाला.

फोटोसाठी रांगा लावल्या. गिमिन म्हणाला, तपकिरीत एकच हिरवं फार वेगळं दिसतंय, आणि फोटो काढायला कोणीतरी लागेलच. म्हणून फोटो राहायूनेच काढला. फार सुंदर आलाय. बॅनर, मी, मागे सगळे, आणि समुद्र.

दुसऱ्या फोटोच्या वेळी वारा आला. बॅनर सुटून पाण्यात गेला. प्रमुख या नात्याने मी त्याच्या मागे गेलो. कमरेपर्यंत पाणी. बॅनर मिळाला. शब्द धुऊन गेले, फोटो राहिला.

दुपारपासून अंगात कसर. वारा शिरला. यावर आपल्याकडे एकच उपाय. गिमिनने बाम लावून नाण्याने माझी पाठ खरवडायला घेतली. संध्याकाळपर्यंत पाठीवर लाल पट्टे. पडल्या पडल्या उद्याच्या खरेदीचे गट पाडत होतो. तेवढ्यात राहायू दारात येऊन उभी राहिली. केबाया अजून तोच. थोडा वेळ पट्ट्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, उद्या सकाळी सहाला निघते, चला ना. माझं तोंड उशीत होतं आणि गिमिन नेमका दुखऱ्या जागी होता. मी म्हणालो, नको, तू हो पुढे.

ती हो म्हणाली. म्हणजे खरेदीचा विषय मिटला. समजूतदार आहे.

एकंदरीत दिवस उत्तम गेला. तीस वर्षांचं सार्थक.

१३ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ८
पाठ मोकळी. हॉटेलच्या दारात हजेरी घेतली. शिट्टी, झेंडा, यादी. सोळाच्या सोळा हजर, सतरावा मी. या दौऱ्यात पहिल्यांदाच पहिल्या मोजणीत आकडा जुळला. यादीवर ‘सर्व उपस्थित’ लिहून सही केली, शिक्का मारला. (वेळ सांगून येत नाही ती अशी.)

मग तुमिनीबाई म्हणाल्या, आणि बू राहायू कुठेयत?

मी यादी पाहिली. वरून खाली पाहिली, मग खालून वर.

८.२०
यादीत तिचं नाव नाही. मी घातलंच नव्हतं. घराघराप्रमाणे लिहीत गेलो, आमच्या घराच्या पुढे ‘प्रमुख’ लिहिलं आणि पुढच्या घराकडे गेलो. तुमिनीबाई यादी हातात घेऊन बराच वेळ पाहत होत्या. मग ती माझ्या हातात परत ठेवली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

८.३५
फोनवर राहायूचा फोटो आला. झाडाखाली टेबल. दोन खुर्च्या. टेबलावर चहाचे दोन कप, दोन्हींतून वाफ येतेय. टेबलाच्या कडेला कॅलेंडरचं पान, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर बशी ठेवलेली. झाड तेच असावं, फक्त मोठं झालंय.

खाली लिहिलंय: चहा चांगला आहे. मी केलेला नाही.

८.५०
जिन्यात बसून बोटांवर मोजलं. मंगळवारी जिन्यात, एक. बुधवारी संध्याकाळी, दोन. काल दारात उभी राहून, तीन.

तीनदा म्हणाली. तिसरं खरं असतं. ही रेघ ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, असं मी याच वहीत लिहून ठेवलंय.

मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. लिहून ठेवतो, कारण उद्यापर्यंत मी याला काहीतरी कारण शोधून काढीन.

९.००
निर्णय घेतला. एकट्याने डोंगरावर जायचं. दुसरा कप अजून गरम असेल. ग्रुपला म्हणालो, तुम्ही खरेदीला जा, मी जरा जाऊन येतो. गिमिनने विचारलं, कुठे? मी म्हणालो, डोंगरावर. आणि मग माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, चला तुम्हीपण.

एकदाच म्हणालो. शपथेवर सांगतो, एकदाच. पण सास्त्रो आजोबा काठी शोधायला लागले. म्हणाले, आमचं तिसरं तर जुलैमध्येच झालंय.

दुपारी १
डोंगराच्या पायथ्याशी ही लांबच लांब रांग. दीड तास उभे होतो. गाडी आली तेव्हा माझ्या लोकांनी पटापट खिडक्या पकडल्या. मी मध्ये उभा, एका हाताने आजोबांना आणि एका हाताने तुमिनीबाईंची पिशवी धरून.

अर्ध्या वाटेवर रूळ दोन होतात, तिथे वर जाणारी गाडी आणि खाली येणारी गाडी एकमेकींना ओलांडतात. आमच्या लोकांनी एकदम गलका केला, बू राहायू, बू राहायू. खाली जाणाऱ्या गाडीत खिडकीशी हिरवा केबाया. तिने हात हलवला. सोळा जणांनी हात हलवले. मी चवड्यांवर उभा राहिलो, पण गिमिनची टोपी मध्ये आली.

वर टेबल सापडलं. एक कप रिकामा, एक भरलेला. दुकानातली बाई उचलायला आली होती, मी थांबवलं. खुर्चीवर बसून तो चहा प्यायलो. गार झाला होता. साखर मात्र मला लागते तेवढीच होती, तीन चमचे. हे तिने त्यांना सांगितलं असणार.

समोरच्या खुर्चीवर गिमिन बसायला लागला. मी त्याला म्हणालो, बसू नकोस. सरळ तोंडावर म्हणालो. तो इतका दचकला की टोपी काढून उभाच राहिला.

१५ सप्टेंबर. सोलो
घरी. राहायू रागावलेली नाही. मी विचारलं, डोंगर कसा होता? म्हणाली, पानावर आहे त्यापेक्षा छान. मी म्हणालो, माझं चुकलं. ती म्हणाली, चहा घ्या.

कानाला खडा. संकल्प: यापुढे ती चला म्हणाली की पहिल्याच वेळी हो म्हणायचं. रीत गेली खड्ड्यात. हा संकल्प मात्र पाळणार.

२ नोव्हेंबर
कपाटाच्या दाराला आतून नवीन पान. नदी, होड्या, पाण्यावर कंदील. व्हिएतनाम असावं. मी दार पुन्हा लावून घेतलं. तयारीत आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार
गल्लीची सभा. चहा देता देता राहायू माझ्या खुर्चीशी वाकून म्हणाली, डिसेंबरमध्ये व्हिएतनामला जाईन म्हणते, तुम्हीपण चला ना. क्षण आला होता. मी तोंड उघडलं आणि आतून आवाज आला, छे छे, तू जा, मी कशाला मध्ये?

तीस वर्षांची सवय. जिभेला वळण लागलेलं असतं. हरकत नाही, अजून दोन बाकी आहेत.

१४ नोव्हेंबर
दुसऱ्यांदा म्हणाली. पण त्या वेळी दारात एक माणूस शिक्क्यासाठी उभा होता. परक्या माणसासमोर बायकोने चला म्हटल्याबरोबर हो म्हणणं बरं दिसत नाही, अधाशीपणा वाटतो. म्हणून मानेनेच नको म्हटलं. अगदी सभ्यपणे.

उलट हेच बरं झालं. आता तिसरं येईल आणि तिसऱ्याला मी हो म्हणेन. सगळं रीतसर.

२१ नोव्हेंबर
रोज स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसतो. पेपर तिथेच वाचतो. आज म्हणालो, डिसेंबरमध्ये मी तसा मोकळाच आहे. ती म्हणाली, बरं. योग्य वेळेची वाट पाहत असावी.

२९ नोव्हेंबर
माझी बॅग गुपचूप भरून पलंगाखाली ठेवली आहे. शिट्टी घेतली नाही. शिक्काही घेतला नाही. तिला आश्चर्य वाटेल.

राहायूला विचारलं, तुला काही म्हणायचंय का? म्हणाली, गॅस संपत आलाय.

५ डिसेंबर, गुरुवार. सकाळी ६
टॅक्सी आली. राहायू हिरव्या केबायात. मी पलंगाशेजारी उभा, एक पाय बॅगेला टेकलेला. ती दारात थांबली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता. ती म्हणाली, पाकने, कुंड्यांना पाणी घाला. आणि गेली.

दोनदाच म्हणाली होती. दोनदा म्हणजे सभ्यता. तिच्या रीतीत काहीही चूक नाही. माझ्याच शिकवणीतली आहे.

६.४०
म्हटलं, स्वतः चहा करू. एवढं काय त्यात. पाणी उकळलं. चहापत्ती सापडली. साखर सापडेना. सगळी फडताळं पाहिली. एका डब्यात मोत्यांसारखं काहीतरी निघालं, तो साबुदाणा होता.

७.००
तुमिनीबाईंना विचारावं म्हणून शेजारी गेलो. दार गिमिनने उघडलं. हातात रिकामा कप. मी काही बोलायच्या आत त्यानेच विचारलं, पाक एर्ते, साखर कुठे ठेवतात हो?

तुमिनीबाईही त्याच टॅक्सीने गेल्यात. राहायूने त्यांना एकदाच चला म्हटलं, आणि त्यांनी पहिल्याच वेळी हो म्हटलं. गिमिनला तेही आजच सकाळी कळलं.

७.३०
आमच्या ओट्यावर दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला. गिमिन म्हणाला, वाईट नाही. खोटं बोलतो.

तो गेल्यावर नवीन यादी करायला घेतली. पुढच्या वर्षीच्या दौऱ्याची. सही नाही, शिक्का नाही.

१. राहायू.
२. मी. बोलावलं तर.